नववं रीळ

जुन्या, छोट्या थिएटरांबद्दल कुणी गहिवरून बोलायला लागलं की मला तिथून उठून जावंसं वाटतं. आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर महिन्यातून एकदा तरी तसला मजकूर येऊन पडतो. मोडक्या खुर्च्या, गरगरणारे पंखे, मध्यंतरातला समोसा, पडद्यावरचा पिवळा डाग, आणि शेवटी ‘गेले ते दिवस’. खाली हात जोडणाऱ्यांची रांग. यातल्या निम्म्या लोकांनी ते दिवस होते तेव्हा त्या थिएटरांकडे ढुंकूनही बघितलं नव्हतं. घरात केबल आली त्या आठवड्यात हे लोक थिएटर विसरले आणि आता त्याच्याच नावाने गळे काढतात.

मी तिथे गेलेली आहे. लहानपणापासून नोकरी लागेपर्यंत, महिन्यातल्या एका रविवारी सकाळी, करोल बागेतल्या एका गल्लीत. मला ती जागा जिवापाड आवडायची. आणि त्याच जागी माझ्या आईच्या तोंडाला पानं पुसली गेली, माझ्या वडिलांच्या हातून, आणि थोडी माझ्याही. त्यामुळे कुणी गहिवरलं की माझं डोकं फिरतं.

गाड्यांची सीट-कव्हरं शिवणाऱ्या दुकानांच्या मागे ते थिएटर होतं. आठवडाभर तिथे मारामारीचे हिंदी सिनेमे चालत. रविवारची सकाळ मात्र भाड्याने मिळायची. एक रविवार बंगाल्यांचा, एक मल्याळी लोकांचा, एक आमचा. आम्ही म्हणजे दिल्लीतले मराठी, त्या काळी बहुतेक केंद्र सरकारच्या नोकरीतले. आमचं मंडळ होतं. गणपती, कोजागिरी आणि महिन्याचा सिनेमा एवढा त्याचा संसार. सिनेमाची पेटी मुंबईहून रेल्वेने यायची, बहुतेक वेळा कुणीतरी सुट्टीवरून परतणारं कुटुंब ती आपल्या बाकाखाली घालून आणायचं. सिनेमा जुना, काळापांढरा. नवा परवडत नसे, आणि खरं सांगायचं तर नवा कुणाला नकोच होता.

मुनिरकाजवळच्या सरकारी क्वार्टरातून आम्ही दोन बस बदलून जायचो. सकाळी नऊ वाजता बायका ठेवणीतल्या साड्या नेसून दारात उभ्या असायच्या. आत आदल्या रात्रीच्या बिड्यांचा आणि नुकत्याच पुसलेल्या फरशीचा वास. खुर्च्यांचं रेक्झिन फाटून काथ्या बाहेर आलेला असे, तो पोटऱ्यांना टोचायचा. पडदा फार मोठा नव्हता, पण आमचं अख्खं क्वार्टर त्यात दोनदा मावलं असतं. पुढच्या रांगेतले एक आजोबा नटाच्या आधी वाक्य म्हणायचे, नट बिचारा मागून म्हणायचा. आम्ही दिल्लीत वाढलेली पोरं. माजघर म्हणजे काय, सोवळं म्हणजे काय, असं अंधारात मोठ्याने विचारायचो आणि शेजारची कुठलीही काकू सांगायची. शाळेत हिंदी, गल्लीत हिंदी, दुकानात हिंदी. चारशे माणसं एकदम मराठीत हसताना आणि नाक पुसताना मी फक्त तिथेच पाहिली.

ऑपरेटर पंजाबी होता, साठीला आलेला. त्याला मराठी ओ की ठो कळत नसे, पण कुठल्या प्रसंगाला आमच्या बायका रडतात हे त्याला बरोबर ठाऊक होतं. तेवढ्यापुरता तो आवाज थोडा वाढवायचा.

आता मंडळाची रीत सांगते, कारण पुढचं सगळं तिच्यामुळे झालं. मध्यंतरात सत्कार असायचा. कुणाला बढती मिळाली, कुणाचा मुलगा परदेशी निघाला, कुणी साहेब मुंबईहून बदलून आला, की शाल, श्रीफळ आणि दोन शब्द. सत्कार मध्यंतरात, कारण सुरुवातीला निम्मे लोक बसमध्येच असत आणि शेवटी सगळ्यांना घरी जाऊन वरणभाताचा कुकर लावायचा असे. बारा वाजता हिंदी सिनेमाचा शो, म्हणून पावणेबाराला हॉल रिकामा करून द्यायला लागायचा. आणि आपल्या माणसाच्या हातात माईक आला की दोन शब्दांचे दोनशे होतात. मग वेळ भरून काढायला ऑपरेटर एक रीळ गाळायचा. दहा मिनिटं वाचायची.

हे सगळ्यांना माहीत होतं. गाळलेल्या रिळाला ‘सत्काराचं रीळ’ म्हणायचे आणि हसायचे. एका सिनेमात मध्यंतराआधी विहिरीवर पाणी भरणारी नायिका मध्यंतरानंतर एकदम मूल कडेवर घेऊन उभी राहिली. लग्न कधी झालं, कुणाशी झालं, काही पत्ता नाही. परतीच्या बसमध्ये आईने मला मधलं सगळं रचून सांगितलं. रुसवेफुगवे, मानपान, पाठवणी, काही म्हणजे काही सोडलं नाही. पुढे कित्येक वर्षांनी तो सिनेमा पूर्ण पाहिला तेव्हा लग्न आईने रचलेल्या लग्नापेक्षा पुष्कळच फिकं निघालं.

कुठलं रीळ गाळायचं हे कार्यवाह ठरवत. कार्यवाह म्हणजे माझे वडील. बाबा एका मंत्रालयात सेक्शन ऑफिसर होते आणि मंडळसुद्धा सेक्शनसारखं चालवत. पेटीबरोबर एक छापील कागद यायचा, कुठल्या रिळात काय आहे ते सांगणारा. बाबा शनिवारी संध्याकाळी तो घेऊन बसायचे, ऑपरेटरसाठी हिंदीत उतरवून काढायचे आणि गरज पडलीच तर कुठलं रीळ वगळायचं त्यावर शेरा मारून ठेवायचे. बाबांच्या कागदांना हात लावायचा नाही ही घरची शिस्त होती, म्हणून तो कागद मी कधी वाचला नव्हता.

आणि आता आई. आई कोल्हापूरची. ती सोळा वर्षांची असताना तिच्या शाळेतल्या आठ-दहा मुलींना एका सिनेमाच्या शूटिंगला नेलं होतं. मंगळागौरीचा प्रसंग होता आणि दिग्दर्शकाला खरोखर झिम्मा-फुगडी खेळता येणाऱ्या मुली हव्या होत्या. आई फुगडीत पटाईत. फुगडी थांबल्यावर तिला भोवळल्यासारखं झालं, हसू आवरेना, आणि तिने सरळ कॅमेऱ्याकडे बघितलं. दिग्दर्शक ओरडला. पण ऊन उतरत होतं, परत करायला वेळ नव्हता, म्हणून ते तसंच राहिलं. घरी आजोबांना हे कळलं आणि त्यांनी तिचं बाहेर जाणंच बंद केलं. सिनेमा लागला तेव्हा सगळ्या मैत्रिणी जाऊन बघून आल्या, ही घरात. मैत्रीण सांगायला आली, “अगं, पडदाभर फक्त तू.” पुढल्या वर्षी तिचं लग्न झालं आणि ती दिल्लीला आली.

ही गोष्ट मी शंभरदा ऐकली असेल. आई ती भाजी निवडताना सांगायची, स्वेटर विणताना सांगायची. बाबाही तिथेच पेपर वाचत बसलेले असायचे आणि गोष्ट संपली की म्हणायचे, “अच्छा.” पस्तीस वर्षं “अच्छा.” सिनेमा काही तिला बघायला मिळाला नाही. तो परत कुठे लागला नाही, टीव्हीवर आला नाही, त्याची व्हिडिओ कॅसेटही निघाली नव्हती. आईने कधी हट्ट धरला नाही. हट्ट मी धरला. मी कॉलेजात असल्यापासून बाबांच्या मागे लागले होते की मुंबईच्या वितरकाला त्या सिनेमाची प्रत मागा. दोन वर्षं पत्रव्यवहार झाला. शेवटी एका संध्याकाळी बाबा ऑफिसातून आले, पाय धुतले आणि आईला म्हणाले, “तुझा सिनेमा येतोय. पुढच्या महिन्यात.” म्हणजे त्यांना माहीत होतं. हे मी मुद्दाम लिहून ठेवते आहे.

आई उठली. आत जाऊन तिने कणीक मळायला घेतली आणि नेहमीच्या दुप्पट मळून ठेवली.

तोपर्यंत दिवस पालटायला लागले होते. मला गुडगावला एका नव्या परदेशी कंपनीत नोकरी लागली होती. आजूबाजूला मोहरीची शेतं आणि मध्येच काचेची एक इमारत, अशी जागा. आमचा मोठा साहेब पुण्याचा निघाला. हे मंडळात कळलं मात्र, बाबांच्या मागे सगळी कमिटी लागली. सरकारी साहेब पुष्कळ झाले, आता असा माणूस पाहिजे. मंडळाची स्वतःची इमारत व्हायची तर असेच लोक उपयोगी पडणार. बाबा मला म्हणाले, “तू विचारून तर बघ, यार.” घरात ते मला यार म्हणाले की समजायचं, गरज मोठी आहे. मी विचारलं. साहेब म्हणाला, “बिल्कुल, का नाही? पण महिन्यातला हाच एक रविवार मोकळा आहे.” तो आईच्या सिनेमाचा रविवार होता. मी हो म्हणाले. तेव्हा माझ्या डोक्यात आई नव्हती. साहेब माझ्याशी लिफ्टमध्ये स्वतःहून बोलला होता, तेवढंच होतं.

त्या रविवारी आई कांजीवरम नेसली. शेजारची बंगाली वहिनी आणि वरच्या मजल्यावरची पंजाबी आंटी, दोघींना तिने बरोबर घेतलं. तिने गेले पंधरा दिवस त्यांना सांगून ठेवलं होतं. एरवी ती बाबांच्या सोयीसाठी कडेच्या खुर्चीवर बसायची, त्या दिवशी सहाव्या रांगेत बरोबर मध्ये जाऊन बसली. चष्मा पुसून सुरुवातीपासूनच लावला. मध्यंतरापर्यंत मंगळागौर आली नाही. नायिकेचं लग्न तेवढं झालं होतं. “आता पुढच्या भागात असणार,” आई मला म्हणाली. “नवी नवरी आली ना घरात.”

साहेब मध्यंतरालाच आला, लांब पांढऱ्या गाडीतून. कमिटी फाटकापर्यंत धावली. स्टेजवर शाल घालून झाली, नारळ दिला, आणि साहेबाने माईक हातात घेतला. देशाची दारं उघडली आहेत, म्हणाला. आता जग आपल्याकडे येतंय. मराठी माणसाने नोकरीची मानसिकता सोडली पाहिजे. समोर चारशे नोकरदार बसले होते, त्यांनी टाळ्या वाजवल्या. दहा मिनिटं झाली, पंधरा झाली. गुडगावच्या जमिनीवर आला, तिथून सिंगापूरला गेला. बाबा मागे हातात फुलांचा गुच्छ घेऊन उभे. थिएटरचा मॅनेजर दारातून मनगटावरचं घड्याळ दाखवत होता. बाबांना ते दिसत होतं, मला दिसत होतं. पण उभ्या आयुष्यात त्यांनी कुठल्या साहेबाला मध्येच थांबवलेलं नव्हतं, ते त्या दिवशी काय थांबवणार. आणि मी? मी सत्कारापुरती पुढे तिसऱ्या रांगेत येऊन मान ताठ करून बसले होते. मागच्या बाईने विचारलं, “तुझे साहेब का गं?” मी हो म्हणाले. मला फार बरं वाटत होतं.

साहेब बोलून झाल्यावर निघून गेला. सिनेमा त्याला बघायचाच नव्हता.

दिवे मालवले. मी आईशेजारी येऊन बसले. पडद्यावर घर सारवलं जात होतं, अंगणात बायका यायला लागल्या होत्या, कुणीतरी म्हणत होतं, “आज रात्र जागवायची गं.” आईने माझा हात धरला. पडदा क्षणभर लुकलुकला आणि पुढच्या क्षणी नायिकेचा सासरा खाटेवर आजारी पडलेला. वैद्य नाडी बघत होता.

मागून कुणीतरी हसून म्हणालं, “गेलं सत्काराचं रीळ.”

मला कळलं. आईला कळलं नाही, किंवा तिने कळून घेतलं नाही. ती वाट बघत बसली. सासरा बरा झाला, नवरा शहरात गेला, पत्र आलं, दर वेळी अंगण दिसलं की ती खुर्चीत पुढे सरकायची. पंजाबी आंटीला एकदा म्हणालीसुद्धा, “अब आएगा.” तो सगळा वेळ मी तिला सांगू शकले असते. पडद्यावर ‘समाप्त’ आलं तेव्हाही ती तशीच पुढे वाकून बसलेली होती.

दिवे लागले. आंटी म्हणाली, “आप कहाँ थीं? मैंने मिस कर दिया शायद.”

“थी ना,” आई म्हणाली. “जल्दी निकल गया.”

हे ऐकलं आणि मी उठले. लोक बाहेर बाबांना सांगत होते, वा, आयोजन छान झालं, पाहुणे काय बोलले. मी त्यांच्या बाजूने सरळ जिना चढून वर केबिनमध्ये गेले. ऑपरेटर रिळं डब्यांत भरत होता. मी विचारलं, कुठलं रीळ सोडलं? तो म्हणाला, “नौ नंबर. साहब ने लिख के दिया था.” आणि त्याने भिंतीवरच्या खिळ्याला टोचलेला कागद काढून माझ्या हातात दिला. बाबांचं रेखीव अक्षर. प्रत्येक रिळापुढे एक ओळ. नऊ, मंगलागौर, औरतों का खेल और गाना. त्याच्यापुढे शेरा, ‘छोड़ सकते हैं’. खाली सही आणि तारीख. तारीख शनिवारची होती.

म्हणजे साहेबाचं भाषण लांबलं म्हणून घाईत झालेली चूक नव्हती ही. आदल्या संध्याकाळी, घरी, पंख्याखाली बसून, शेजारच्या खोलीत आई साडीला इस्त्री करत असताना बाबांनी शांतपणे ते लिहिलं होतं. मी ऑपरेटरला विचारलं, सोडायला हेच का? तो बिचारा सरळ माणूस. म्हणाला, “हर पिक्चर में ऐसी एक रील होती है, बेटी. औरतों का नाच-गाना. कहानी नहीं रुकती उससे.” तो बाबांचेच शब्द बोलत होता, हे मला ऐकताक्षणी कळलं.

मी म्हटलं, लावा ते रीळ, आत्ता. त्याने मान हलवली. खाली बाराच्या शोची तिकिटं फाटायला लागली होती, आणि पेटी दुपारच्या गाडीने इंदूरच्या मंडळाला जायची होती. मग तो म्हणाला, पडद्यावर नाही, पण टेबलावर दाखवतो. रीळ गुंडाळायच्या टेबलात मधोमध एक काच असते आणि तिच्याखाली दिवा. त्यावर फिल्म धरली की चित्रं दिसतात, नखाएवढी. मी धावत खाली गेले. आई व्हरांड्यात एकटी उभी होती, दोघी शेजारणी पुढे गेल्या होत्या. मी तिला दंडाला धरून जिन्याने वर आणलं. चढताना तिला काय काय सांगितलं मला आठवत नाही. कागदाचं सांगितलं, एवढं खरं.

ती केबिनच्या दारात थांबली. आत आली नाही. ऑपरेटरने फिल्म काचेवर धरली होती.

“ये ना,” मी म्हणाले. “तू आहेस यात. बघ तरी.”

“मी कशी दिसत होते ते मला माहीत आहे,” आई म्हणाली. “मी होते की तिथे. ह्यांनी बघावं असं वाटत होतं. एवढ्या सगळ्या लोकांत बसून, एकदा.”

ती चिडली नव्हती, रडतही नव्हती. पदर खांद्यावर घेऊन ती जिना उतरून गेली. मी काचेवर वाकले आणि जे बघायचं ते एकटीने बघितलं.

बाबा पेटी घ्यायला वर आले तेव्हा मी तो कागद त्यांच्यापुढे धरला. त्यांनी वाचला. आधी त्यांना कळलंच नाही मी काय दाखवते आहे, आणि मग कळलं. “माझ्या लक्षात नाही राहिलं गं,” ते म्हणाले. मी त्यांना नको नको ते बोलले. पस्तीस वर्षं ऐकून लक्षात राहिलं नाही, आणि साहेबाच्या गाडीचा नंबर फाटकावर द्यायचा बरोबर लक्षात राहिला. मी आयुष्यात पहिल्यांदा त्यांच्यापुढे आवाज चढवला होता, तोही परक्या माणसासमोर. ऑपरेटर भिंतीकडे तोंड करून उभा राहिला. बाबा पेटीला सुतळी बांधता बांधता म्हणाले, “पुढच्या वर्षी परत मागवू. काय त्यात.”

मी त्याच दिवशी पेटी अडवायला हवी होती. एक गाडी चुकली असती, इंदूरवाले ओरडले असते, आणखी काय झालं असतं. पण सोमवारी मला ऑफिस होतं आणि साहेबाला आभाराचं पत्र द्यायचं होतं. ते मी दिलं. शेण मीही खाल्लं, हे लपवायचं नाही.

पुढच्या वर्षी काही आलं नाही. घरोघरी केबल आली, महिन्याच्या सिनेमाला साठ माणसं जमेनात. वितरकाने धंदा बंद केला आणि त्याच्या गोदामातल्या प्रतींचं काय झालं ते कुणी सांगू शकलं नाही. थिएटर पाडून तिथे लग्नाच्या कपड्यांचं चार मजली दुकान झालं. मंडळ गुडगाव आणि नोएडाच्या नव्या लोकांच्या हाती गेलं. पुढे मॉलमधल्या गार थिएटरात ते वर्षातून एकदा ‘क्लासिक’ सिनेमा लावू लागले, पॉपकॉर्नसकट. मला एकदा बोलायला बोलावलं होतं, जुन्या थिएटरांच्या जादूवर. मी नाही म्हणाले. त्यांनी दुसऱ्या कुणाला तरी बोलावलं आणि सत्कार केला.

बाबा निवृत्त झाले आणि दोघं द्वारकेच्या फ्लॅटमध्ये राहायला गेले. तिथे बाबांनी एक फाईल उघडली. प्रत मिळवण्यासाठी वितरकाच्या वारसांना पत्र, निर्मात्याच्या पुतण्याला पत्र, सिनेमे जपून ठेवणाऱ्या संस्थांना पत्र. दर तीन महिन्यांनी स्मरणपत्र, त्यावर मागच्या पत्राचा क्रमांक. वरातीमागून घोडं. सगळीकडून एकच उत्तर, आमच्याकडे नाही. आईने त्या फाईलबद्दल कधी चकार शब्द काढला नाही. तिने कोल्हापूरची ती गोष्टही त्या रविवारनंतर पुन्हा कुणाला सांगितली नाही. भाजी निवडताना घरात नुसता टीव्ही चालू असायचा. सहा वर्षांपूर्वी ती गेली.

लोक मला सांगतात, झालं ते झालं, म्हाताऱ्या माणसावर किती दिवस राग धरायचा. मी औषधं आणून देते, डॉक्टरकडे नेते, दर रविवारी द्वारकेला जाते. राग त्याच्या आड येत नाही आणि त्याने कमीही होत नाही.

बाबा आता ऐंशीच्या पुढे आहेत. मागच्या रविवारी मी पोचले तेव्हा ते खिडकीशी ती फाईल मांडीवर घेऊन बसले होते. उघडलेली नव्हती. मला म्हणाले, “तू बघितलं होतंस ना तेव्हा वर जाऊन? ती कशी दिसत होती गं त्यात?”

मी बघितलं होतं. दोन वेण्या, त्यातली एक सुटत आलेली. कपाळावर घाम. फुगडी नुकती थांबली आहे, तोल अजून सावरलेला नाही, एक हात शेजारच्या मुलीच्या खांद्यावर आहे. ती तोंड उघडून हसते आहे, पुढचा एक दात किंचित वाकडा, आणि सरळ माझ्याकडे बघते आहे. तसली चाळीस-पन्नास चित्रं, एकाखाली एक, प्रत्येकात हसू जरासं वाढलेलं. त्या मुलीला कुणी अजून ओरडलेलं नव्हतं. आईला तसं हसताना मी घरात एकदाही पाहिलं नाही.

“फार बारीक होतं, बाबा,” मी म्हणाले. “आता आठवत नाही.”

“बरं,” ते म्हणाले. मी चहा ठेवायला उठले.